ओव्हनचा आकडा एक, आतलं तापमान दुसरं: चूक शोधायची कुठे आणि कशी

ओव्हन बरोबर तापत नाही असं वाटलं की बहुतेक जण नॉब दहा-वीस अंश पुढेमागे करून वेळ भागवतात. महिनाभर चालतं, मग पुन्हा केक कडेला करपलेला आणि मधे ओला. मग थर्मोस्टॅट बदलला जातो, आणि काही वेळा त्यानंतरही परिस्थिती तीच राहते. कारण ‘तापमान चुकतंय’ या एका तक्रारीत तीन वेगळी दुखणी असतात. पहिलं, ओव्हन दर वेळी एकाच बाजूला आणि जवळपास तेवढाच चुकतो, समजा कायम २५ अंश कमी. दुसरं, सरासरी ठीक असते पण तापमान फार वरखाली होतं. तिसरं, आज १० अंश कमी, परवा ३० अंश जास्त, असा काही नेमच नसतो. पहिलं दुखणं कॅलिब्रेशनने, म्हणजे ओव्हनचा आकडा खऱ्या तापमानाशी जुळवून घेतला की, जातं. दुसऱ्यात बऱ्याचदा बिघाड नसतोच. तिसऱ्यात एखादा भाग जायला आलेला असतो, आणि तिथे नॉबचा हिशेब कितीही जुळवला तरी तो पुढच्या आठवड्यात फसणार.

म्हणून आधी मोजायचं. स्क्रू ड्रायव्हर नंतर.

मोजणी

ओव्हनमध्ये ठेवायचा साधा डायल थर्मामीटर चालतो, पण तो स्वतःच दहा अंश चुकीचा असू शकतो. मल्टिमीटरला लागणारी के-टाइप थर्मोकपलची, म्हणजे टोकाशी तापमान ओळखणारी, तार अधिक भरवशाची. ती बारीक असते, दाराच्या रबरातून बाहेर काढता येते, आणि दार न उघडता आकडा दिसत राहतो. पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर या कामाला घेऊ नका. तो हवेचं नाही, समोरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतो, आणि चकचकीत स्टीलवर तर धडधडीत खोटं सांगतो.

थर्मोकपल तपासायचं तर टोक खळखळ उकळत्या पाण्यात धरा. समुद्रसपाटीला १०० यायला हवेत, आणि दर ३०० मीटर उंचीला साधारण १ अंश कमी. डायलवाला थर्मामीटर पाण्यात बुडवता येत नाही, तिथे थेट ओव्हनच तपासणारी साखरेची चाचणी आहे. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या दोन छोट्या वाट्या करून प्रत्येकीत चमचाभर साखर घ्या. ओव्हन १७५ वर नीट तापवून पहिली वाटी १५ मिनिटं ठेवा, दाणे सुटे राहायला हवेत. मग १९० वर तापवून दुसरी वाटी १५ मिनिटं ठेवा, साखर वितळायला हवी. १७५ लाच पाणी झालं तर ओव्हन जास्त तापतोय, १९० लाही दाणे तसेच असतील तर कमी. ही चाचणी ढोबळ आहे आणि एकाच ठिकाणचं सांगते, पण हाताशी काहीच नसेल तेव्हा अंदाजापेक्षा बरी.

थर्मामीटर मधल्या जाळीवर, मधोमध, टोक कुठल्याही धातूला न टेकता. ट्रे, दगड, फॉइल सगळं बाहेर. ओव्हन १८० वर, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, पंखा बंद. प्रीहीटचा आवाज आला म्हणून लगेच आकडा लिहायचा नाही. तो आवाज सेन्सरजवळची हवा तापली एवढंच सांगतो. भिंती अजून थंड असतात, आणि पहिल्या झेपेत बरेच ओव्हन ठरवलेल्या आकड्याच्या २०-३० अंश पुढे जातात. आणखी २० मिनिटं जाऊ द्या. मग दार न उघडता दर दोन मिनिटांनी आकडा लिहा, रॉड निदान तीनदा चालू-बंद होईपर्यंत. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा घेऊन त्यांची सरासरी काढा.

समजा आकडे १९२, १६८, १९१, १६९ असे येताहेत. सरासरी १८०. ओव्हनला काहीही झालेलं नाही. थर्मोस्टॅट १८० ला थांबून राहत नाही. थोडं वर जाऊन रॉड बंद करतो, थोडं खाली आल्यावर पुन्हा चालू करतो. दोन्ही बाजूंना १०-१५ अंशांचा झोका हा त्याचा स्वभाव, जुन्या यांत्रिक थर्मोस्टॅटला २० पर्यंतही. हेच आकडे १६५ आणि १४५ आले तर सरासरी १५५, म्हणजे ओव्हन २५ अंश मागे आहे.

आता हेच १२० वर आणि २२० वर करा. कंटाळवाणं आहे, पण निम्मं निदान इथेच होतं. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर कॅलिब्रेशन सरकलंय. १२० ला बरोबर, १८० ला १५ ने कमी आणि २२० ला ४० ने कमी, असा फरक वाढत गेला तर ओव्हनला उष्णता पुरत नाही किंवा ती कुठून तरी निसटतेय. आणि दोन दिवसांनी पुन्हा मोजल्यावर आकडे वेगळेच निघाले तर तो नेम नसलेला प्रकार.

तापण्याचा दिवा काय सांगतो

मोजताना हीटिंगच्या दिव्याकडे किंवा डिस्प्लेवरच्या चिन्हाकडे लक्ष ठेवा. फुकटची माहिती आहे आणि बहुतेक जण ती वाया घालवतात.

तापमान कमी आहे आणि दिवा विझतच नाही, याचा अर्थ थर्मोस्टॅट बिचारा ‘अजून तापव’ म्हणतोय, पण आतून ताकद कमी पडतेय. एखादा रॉड गेलाय, दार गळतंय किंवा व्होल्टेज कमी आहे. इथे थर्मोस्टॅट बदलून काडीचा फरक पडणार नाही.

तापमान कमी आहे आणि दिवा मात्र नेमाने विझतो-पेटतो, तर ताकद भरपूर आहे, ओव्हनची समजूत चुकलीय. त्याला वाटतंय आपण १८० ला पोचलो. दोष सेन्सर, बल्ब (तापमान ओळखणारी नळी, दिवा नव्हे) किंवा कॅलिब्रेशनमध्ये.

तापमान जास्त आणि दिवा खूप उशिरा विझतो, तर तीच चुकीची समजूत उलट्या दिशेने. आणि डिस्प्लेवरचं चिन्ह गेलंय, तरी आकडा नेहमीच्या झोक्यापलीकडे चढतोच आहे, तर रिले, म्हणजे रॉडला वीज देणारा-तोडणारा स्विच, चिकटलाय. तिथे मोजणी थांबवून मेन स्विच बंद करा. त्याबद्दल पुढे.

काही न उघडता सापडणाऱ्या चुका

डिस्प्ले सेल्सिअसमध्ये आहे ना, ते बघा. वीज गेल्यावर काही ओव्हनचं एकक मूळ सेटिंगवर परत जातं. फॅरनहाइटमध्ये १८० म्हणजे ८२ सेल्सिअस. तेवढ्यात केक फुगणार नाही, नुसता वाळेल.

फिरवायच्या नॉबचा ओव्हन असेल तर नॉब ‘बंद’ वर आणा आणि खूण बरोबर रेषेवर येते का ते पाहा. नॉब ओढून काढा. दांडा इंग्रजी डी अक्षरासारखा, एका बाजूने सपाट असतो आणि नॉबच्या पोटात त्याच आकाराचं भोक. त्या भोकाभोवतीचं प्लास्टिक तडकलं किंवा आतली स्प्रिंगची पट्टी पडली की नॉब दांड्यावर थोडा घसरतो. खूण १८० वर, दांडा १५० वर. दर वेळी घसरण वेगळी, म्हणून चूकही वेगळी. नेम नसलेल्या चुकीचं हे सगळ्यात स्वस्त कारण, आणि याच्यापायी चांगले थर्मोस्टॅट कचऱ्यात गेलेत.

ओव्हनच्या तळाला फॉइल अंथरलेली असेल तर काढा. खालच्या रॉडची उष्णता ती परत खाली फेकते, हवेची भोकं बुजवते, वर तळाच्या एनॅमलला चिकटून बसते ते वेगळंच. भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेला ट्रेही असाच घात करतो. हवा ट्रेच्या खाली अडकते, खालचा भाग भाजून निघतो आणि वरचा उपाशी. ट्रेच्या चारी बाजूंना ४-५ सेंटिमीटर मोकळे हवेत.

फॅन मोड चालू असेल तर त्याच आकड्याला पदार्थ लवकर होतो, म्हणून २० अंश कमी ठेवायची पद्धत आहे. काही ओव्हन ही वजाबाकी आपणहून करतात. तुम्हीही केली तर ती दोनदा होते.

एक बाजू करपते आणि दुसरी फिकट, एवढीच तक्रार असेल तर मधली जाळी ब्रेडच्या स्लाइसनी पूर्ण झाका आणि १८० वर पाचसात मिनिटं ठेवा. ब्रेडवर ओव्हनचा नकाशाच उमटतो. सगळा ब्रेड एकसारखा पण जास्त तपकिरी झाला तर तापमानाचा प्रश्न. मागचा काळा आणि दाराजवळचा पांढरा, तर दार गळतंय. एकच कोपरा काळा, तर पंखा किंवा रॉड.

दार

कागदाची पट्टी दाराच्या फटीत ठेवून दार लावा आणि ओढा. थोडा विरोध जाणवला पाहिजे. कडेने सातआठ ठिकाणी करा. पट्टी सहज निसटते तिथून गरम हवाही निसटते. पण एक लक्षात ठेवा: बऱ्याच ओव्हनचं गॅस्केट (दाराची फट बंद करणारी पट्टी) मुद्दामच तीन बाजूंना असतं आणि खालची बाजू हवा आत यायला मोकळी सोडलेली असते. खाली पट्टी निसटली म्हणून नवं गॅस्केट आणायला धावू नका, आधी खोबण कुठपर्यंत आहे ते पाहा.

गॅस्केट कडक, चपटं किंवा कोपऱ्यात फाटलेलं असेल तर बदला. बहुतेकांना मागे छोटे तारेचे आकडे असतात, ते भोकांत दाबून बसवायचे. कोपऱ्यापासून सुरुवात करा. मधून सुरू केलं तर शेवटी एक कोपरा ताणला जातो आणि तिथेच पुन्हा फट पडते. विणलेलं, काचतंतूचं गॅस्केट घासू नका, तंतू मोडतात. गॅस्केट चांगलं असूनही वरच्या कडेला फट राहत असेल तर बिजागरीची स्प्रिंग ढिली पडलीय. दार हातभर उघडून सोडा. शेवटचे काही सेंटिमीटर ते आपणहून ओढलं जायला हवं.

यांत्रिक थर्मोस्टॅट: बल्ब आणि कॅपिलरी

इथून पुढे ओव्हन उघडायचा आहे. नॉब बंद करून भागत नाही. प्लग काढा किंवा त्या लाइनचा एमसीबी पाडा, आणि टेस्टरने खात्री करा.

नॉबमागच्या थर्मोस्टॅटमधून केसासारखी तांब्याची पोकळ तार निघते, ती कॅपिलरी. तिचं टोक ओव्हनच्या आत, पेन्सिलएवढ्या जाडीच्या बंद नळीत संपतं. त्या नळीला बल्ब म्हणतात, दिव्याशी तिचा संबंध नाही. आत द्रव असतो. तो तापून फुगला की थर्मोस्टॅटमधला पातळ पडदा ढकलला जातो आणि संपर्क तुटतो. बस, एवढंच यंत्र. त्यामुळे त्याच्या चुकाही ओळखता येतात.

बल्ब मागच्या किंवा बाजूच्या भिंतीवर दोन क्लिपांमध्ये, भिंतीपासून थोडा सुटा असायला हवा. साफसफाईच्या धक्क्याने तो क्लिपमधून निघतो. खाली लोंबून रॉडजवळ गेला की त्याला खूप गरम लागतं, संपर्क लवकर तुटतो आणि ओव्हन कमी तापतो. भिंतीला चिकटला तर भिंत हवेच्या मागे राहते म्हणून तो उशिरा जागा होतो, आणि झोका २५-३० अंशांवर जातो. बल्बवर तेल जळून काळा थर बसला तरी हेच होतं, कारण उष्णता आत पोचायला वेळ लागतो. थर ओल्या कापडाने आणि सौम्य साबणाने काढायचा. तारेच्या घासणीने घासू नका, नळी पातळ असते.

द्रव गळू लागला की चूक नेहमी एकाच दिशेने जाते: ओव्हन दर महिन्याला आधीपेक्षा जास्त तापतो. फुगायला द्रवच कमी, म्हणून तेवढा दाब यायला जास्त उष्णता लागते. पूर्ण गळला की थर्मोस्टॅट तोडतच नाही आणि शेवटी सुरक्षेचा थर्मल कटआउट ओव्हन बंद पाडतो. ‘ओव्हन मधेच बंद पडतो, थंड झाल्यावर पुन्हा चालतो’ ही तक्रार आली की कटआउट बदलण्याआधी तो का पडतोय ते शोधा. कॅपिलरी गळत असेल किंवा तिला टोकदार घडी पडली असेल तर दुरुस्ती नाही, पूर्ण थर्मोस्टॅट बदलायचा. बदलताना कॅपिलरीची लांबी, बल्बची लांबी-जाडी आणि वरच्या तापमानाची मर्यादा जुन्याशी जुळायला हवी. जादा कॅपिलरी बाटलीएवढ्या मोठ्या वळणात गुंडाळून ठेवा, आणि ती विजेच्या टर्मिनलांना टेकणार नाही याची काळजी घ्या. तांबं आहे ते.

फरक तिन्ही ठिकाणी सारखा असेल तर मात्र भाग बदलू नका. काही थर्मोस्टॅटांच्या दांड्याच्या पोकळीत बारीक स्क्रू असतो, काहींच्या नॉबच्या मागे सरकणारी चकती. आधी मूळ जागेवर पेनाने खूण करा. स्क्रू एका वेळी एक अष्टमांश फेरा, त्याहून जास्त नाही. दिशा प्रत्येक बनावटीची वेगळी, म्हणून एकदा फिरवून पुन्हा १८० वर मोजा आणि मग ठरवा. स्क्रूवर रंगाचं सील असेल आणि चूक ३० अंशांहून जास्त असेल, तर फिरवून उपयोग नाही. एवढी चूक स्क्रू सरकल्याने होत नाही.

इलेक्ट्रॉनिक ओव्हनचा सेन्सर

डिस्प्लेवाल्या ओव्हनमध्ये बल्बच्या जागी धातूची बारीक कांडी असते. तिचा रोध तापमानाबरोबर बदलतो आणि कंट्रोल बोर्ड तो मोजतो. पुष्कळ ओव्हनमध्ये पीटी१००० प्रकारची कांडी असते. तिचे आकडे असे: ० अंशांना १००० ओहम, २५ ला १०९७, १०० ला १३८५, १८० ला १६८५, २०० ला १७५९. पीटी५०० असेल तर बरोबर निम्मे. एनटीसी प्रकारचा सेन्सर उलटा चालतो, गरम होईल तसा रोध कमी होतो, आणि थंडपणी तो बऱ्याचदा कित्येक हजार ओहम असतो. कुठला आहे ते ओव्हनच्या सर्किटच्या कागदावर बघा. हा कागद पुष्कळदा मागच्या पत्र्याच्या आत चिकटवलेला असतो.

रात्रभर थंड राहिलेल्या ओव्हनचा सेन्सर कनेक्टरपासून सोडवून मोजा. खोलीत २५ अंश असताना पीटी१००० ने १०९० ते ११०५ दाखवलं तर ठीक. खात्री हवी असेल तर कांडी बाहेर काढून फक्त तिचं टोक बर्फ-पाण्याच्या काल्यात धरा, १००० च्या आसपास. मग उकळत्या पाण्यात, १३८५ च्या आसपास. कनेक्टर आणि तारा कोरड्या राहिल्या पाहिजेत. दोन्ही आकडे बरोबर आले तर सेन्सर निर्दोष. मात्र बहुतेक जण इथेच थांबतात आणि खरा चोर निसटतो.

तो चोर म्हणजे कनेक्टर. ओव्हनच्या मागे, गरम हवेच्या वाटेवर असलेल्या त्या छोट्या पांढऱ्या जोडात पिना काळवंडतात किंवा ढिल्या होतात. १८० च्या आसपास एका अंशाला साधारण पावणेचार ओहम पडतात. काळवंडलेल्या पिनेत ४० ओहम अडकले की बोर्डाला ओव्हन खरा आहे त्यापेक्षा ११ अंश गरम वाटतो, आणि तो तेवढा कमी तापवतो. ओव्हन तापला, पत्रा हलला, पिन थोडी सरकली की हेच ४० चे १० होतात किंवा ८०. म्हणून चूक रोज वेगळी. मोजायचं असं: सेन्सर पुन्हा जोडा, जोड बोर्डाकडून सोडवा आणि बोर्डाच्या टोकाकडून रोध घ्या. मघाच्या आकड्यापेक्षा पाचसहा ओहम जास्त आले तर जोडात गडबड आहे. मीटरकडे बघत जोड हलवून पाहा. आकडा उड्या मारला की सापडलं. पिना साफ करून घट्ट करा किंवा जोड कापून उष्णता सहन करणारा नवा लावा. नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळली तर ती वितळते आणि तीच तक्रार घेऊन ओव्हन परत येतो.

उलट दिशेची चूकही होते. सेन्सरच्या तारेचं आवरण कुठे पत्र्यावर घासून उघडं पडलं की रोध कमी भासतो, बोर्डाला ओव्हन थंड वाटतो आणि तो जास्त तापवतो. मीटरचं एक टोक सेन्सरच्या तारेला आणि दुसरं कांडीच्या धातूला लावा. मीटरने अनंत दाखवायला हवं, कुठलाही आकडा दिसता कामा नये.

सगळं ठीक असून फरक कायमचा २० अंशांच्या आत असेल, तर बऱ्याच ओव्हनच्या सेटिंगमध्ये तापमान सुधारणेची सोय असते, साधारण अधिक-उणे २० अंशांपर्यंत. सरासरी १८ ने कमी आली असेल तर अधिक १८ टाका आणि १८० वर पुन्हा मोजा. ही सुधारणा सगळ्या तापमानांना सारखीच लागू होते, म्हणून फरक वाढत जाणाऱ्या ओव्हनला ती लावली की वरचं थोडं सुधारतं आणि खालचं बिघडतं.

रॉड आणि व्होल्टेज

दिवा विझत नाही आणि २२० गाठता येत नाही, तेव्हा इथे या. ओव्हन चालू करून दोन्ही रॉड लाल होतात का ते दाराच्या काचेतून बघा. खालचा रॉड तळाखाली लपलेला असेल तर मीटरशिवाय इलाज नाही. रोध किती हवा ते काढायला व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टवर १२०० वॅटच्या रॉडला ४४ ओहम, २००० वॅटला साडेसव्वीस. दोनचार ओहम इकडेतिकडे चालतील. अनंत आला तर आतली तार तुटली. रॉडवर फोड, खड्डा किंवा पांढरा डाग दिसला तर तो आज चालत असला तरी लवकरच जाणार.

बदलताना रॉडचे दोन स्क्रू सोडवून तो पुढे ओढा, ५-६ सेंटिमीटर तारा बाहेर येतील. त्या कपडे वाळत घालायच्या चिमट्याने धरून ठेवा. नाहीतर तारा भोकातून मागे सटकतात आणि मग सगळा मागचा पत्रा खोलावा लागतो. टर्मिनल निळंकाळं पडलं असेल तर नवा लग (तारेच्या टोकाची धातूची टोपी) दाबून लावा. ढिला लग तापतो, जळतो आणि नव्या रॉडलाही घेऊन जातो. तार सिलिकॉन किंवा काचतंतूच्या आवरणाचीच. साधी पीव्हीसी वायर इथे आठवडाभरात कडक होऊन तडकेल. नवा रॉड पहिल्यांदा अर्धा तास रिकामा तापवा, थोडा धूर आणि वास येणं साहजिक आहे.

व्होल्टेजचा भार वर्गाने पडतो. २३० ऐवजी २०० मिळाले की रॉडची ताकद १३ टक्क्यांनी नाही, २४ टक्क्यांनी उतरते. अशा ओव्हनला तापायला वेळ लागतो आणि वरचा आकडा गाठता येत नाही, पण १५० वर तो अगदी बरोबर असतो. संध्याकाळी चूक होते आणि सकाळी होत नाही, असं असेल तर ओव्हन उघडण्याआधी सॉकेटवरचं व्होल्टेज मोजा. ओव्हन चालू ठेवून मोजायचं, रिकाम्या सॉकेटवर नाही. मीटरची टोकं चालू लाइनवर लावायची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या.

पंखा फिरत नसेल तर त्याच्याभोवतीचा गोल रॉड नुसता स्वतःभोवतीची हवा तापवतो आणि कटआउट पडत राहतो. पाती हाताने फिरवून बघा. मधला नट बऱ्याचदा उलट्या आट्यांचा असतो, जोर लावण्याआधी दिशा तपासा.

ओटीजी

छोट्या ओटीजीमध्ये थर्मोस्टॅट आत नसतो. दोन धातूंची पट्टी नॉबमागच्या कप्प्यात बसवलेली असते आणि ती पत्र्यातून येणारी उष्णता मोजते. पहिल्यांदा तापवताना कप्पा थंड असतो, म्हणून आतलं तापमान बरंच पुढे जातं. तासाभराने कप्पा तापलेला असतो, म्हणून रॉड लवकर बंद होतो आणि दुसरा घाणा पहिल्यापेक्षा फिकट. हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. थर्मामीटर कायम आत ठेवा आणि दुसऱ्या घाण्याला नॉब १०-१५ अंश वर न्या. पहिल्या घाण्याआधी १५-२० मिनिटं रिकामा तापवला की फरक बराच कमी होतो.

गॅस ओव्हन

ज्यात गॅस पेटवायला तापून लाल होणारा इग्नायटर असतो, तिथे कमी तापमानाचं पहिलं संशयित कारण तोच. इग्नायटरमधून पुरेसा प्रवाह गेल्याशिवाय गॅसचा व्हॉल्व्ह उघडत नाही. सपाट प्रकारच्या इग्नायटरला साधारण ३.२ ते ३.६ अँपिअर लागतात. जुना होईल तसा तो लाल दिसतो पण प्रवाह कमी घेतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आणि दोन ज्योतींमधल्या वेळेत ओव्हन थंड पडतो. लाल झाल्यापासून ज्योत लागायला दीड मिनिटाहून जास्त लागत असेल तर इग्नायटर बदला. ‘चमकतोय म्हणजे चांगला आहे’ हा इथला नेहमीचा गैरसमज. नवा हातात घेताना काळ्या-करड्या भागाला बोट लावू नका, तो खडूसारखा मोडतो. ज्योत निळी हवी. पिवळी आणि काजळी धरणारी असेल, किंवा गॅसचा वास येत असेल, तर गॅस बंद करून खिडक्या उघडा, विजेचं कुठलंच बटण चालू-बंद करू नका, आणि पुढचं काम परवानाधारक माणसाकडे द्या.

रिले

बोर्डवरचा रिले रॉडला वीज देतो-तोडतो आणि दर वेळी टिक असा आवाज करतो. संपर्क जळून चिकटले की टिक ऐकू येवो न येवो, रॉड चालूच राहतो. कधी कधी ओव्हन बंद केल्यावरही. याला तापमानाची चूक समजून सुधारणा टाकत बसू नका. एमसीबी पाडा आणि बोर्ड दुरुस्त होईपर्यंत ओव्हन वापरू नका.

दुरुस्तीनंतर तेच परत का होतं

बहुतेक वेळा यामुळे की बदललेला भाग निर्दोष होता. सेन्सर नवा, जोड जुना. थर्मोस्टॅट नवा, बल्बची क्लिप तुटलेली, आणि नवा बल्बही दोन महिन्यांत रॉडवर लोंबलेला. रॉड नवा, लग ढिला. शिवाय पायरोलिटिक सफाई, म्हणजे खूप तापून आतली घाण जाळायची सोय, ओव्हन ५०० अंशांच्या जवळ नेते. गॅस्केट कडक होणं, जोड काळवंडणं आणि थर्मल फ्यूज उडणं हे प्रकार त्यानंतर जास्त दिसतात. सफाईच्या दुसऱ्या दिवशी तक्रार सुरू झाली असेल तर शोध तिथूनच सुरू करा.

काहीही बदललं तरी १२०, १८० आणि २२० ची मोजणी पुन्हा करा आणि तिन्ही आकडे तारखेसह एका चिठ्ठीवर लिहून ओट्याच्या कपाटाच्या दारामागे चिकटवा. सहा महिन्यांनी पुन्हा शंका आली की तीच मोजणी करायची आणि त्या चिठ्ठीशी ताडून बघायची. आकडे जुळले तर ओव्हन ठीक आहे, पाककृतीत किंवा भांड्यात बघा. आकडे हळूहळू वर सरकत असतील तर कॅपिलरी, तिन्ही आकडे दर वेळी वेगळे येत असतील तर जोड किंवा नॉब, आणि फक्त २२० चा खाली आला असेल तर दाराला कागदाची पट्टी लावून बघा.